दोन हजारांच्या खाली

लुकमान तडवीनं बोनेट खाली सोडलं
आणि काळे हात पाठीमागे नेले.
टर्बोच्या दांडीला खेळ आलाय, वहिनी.
नवा बेचाळीस हजारांचा. गाडी विकली तर साठ.
दोन हजारांच्या पुढे काटा नेऊ नका.
चढावर ताकद आली तर आली, नाही तर नाही.
आणि थांबलात की लगेच चावी फिरवायची नाही,
दोन मिनिटं तशीच धडधडू द्यायची.
तापलेल्याला तेल मिळत राहिलं पाहिजे.

पासिंग संपायला अकरा दिवस होते.
तोरणमाळला काहीच काम नव्हतं.

सावदा सोडलं तेव्हा केळीला पाणी चालू होतं,
ओला वास काचेच्या फटीतून आत.
ती काच चार वर्षांपासून वर जात नाही.
मी स्टिअरिंगवर. हे डावीकडे,
पडद्याच्या ऑपरेशनचा काळा चष्मा,
मांडीवर भरताचा डबा, कळण्याच्या पुऱ्या,
आणि कान पुढे.
पंधरा वर्षं यांनीच चालवली,
मी पाण्याची बाटली उघडून द्यायचे.
आता रस्ता नीट दिसत नाही यांना,
गाडी मात्र दिसते, आवाजातून.
शिट्टी बारीक झाली की म्हणतात,
"आते सोड. हयू."
शिट्टी थांबली की काहीच म्हणत नाहीत.
मला भीती त्याचीच.

चोपड्याच्या पुढे रस्ता आहे
असं फक्त पाटीला वाटतं.
अनेरच्या पुलाआधी केळीचा ट्रक पुढे निघाला,
क्लीनरनं आमचा धूर पाहिला
आणि दोन बोटांनी नाक दाबून दाखवलं.
"काय म्हणे तो?"
"रामराम म्हणे."
यांनी काचेकडे बघून हात जोडले.

शहाद्यात चहा.
"वहिनी, गाडी चालूच राहिली," टपरीवाला ओरडला.
माहितीये, म्हटलं, आणि घड्याळ बघत बसले.
मग आठवलं, डोळ्यांत थेंब घालायचे राहिलेत.
तिथंच मान मागे, पापणी वर,
इंजिनाच्या थरथरीनं एक थेंब गालावर गेला,
दुसरा लागला बरोबर.

सातपायरी घाटाच्या तोंडाशी
गुलीबाईनं हात केला. सीताफळांची टोपली, वर जायचं.
हे कुरकुरले, वजन वाढतंय.
तिसऱ्या वळणाला ताकद गेली.
पहिला गिअर, काटा सोळाशेवर,
पाय जमिनीला टेकला तरी गाडी काही ऐकेना.
मागून ती म्हणाली, "मी उतरते. गाडी दमली तुमची."
टोपली सीटवरच ठेवली आणि चालू लागली.
पाचव्या वळणाला ती आमच्या पुढे.
सहाव्याला कठड्यावर बसून वाट बघताना दिसली.
"कोण गेलं पुढे?"
"बाई."
"पायी?"
"पायी."
हे इतके हसले की डबा मांडीवरून खाली घसरला.

आणि तेव्हाच शिट्टी आली.
न बोलावता, कुठून कोण जाणे, बारीक, मग चढती,
काटा अठराशे, दोन हजार,
दोन हजार तीनशे,
पाठीला सीट चिकटली, जशी नवी असताना चिकटायची.
मी यांच्या "सोड"ची वाट पाहिली.
खाली घरंगळलेल्या डब्यावर हात ठेवून हे म्हणाले,
"जाय."

गेलो. बाईच्या टोपलीसकट, तिच्यासमोरून.
ती दोन्ही हात वर करून काय काय बोलत होती!

तळ्याकाठी गाडी लावली. दोन मिनिटं मोजली.
तिसरंही जाऊ दिलं.
गुलीबाई आली ती रागातच, मग टोपली मोजली,
मग दोन सीताफळं काढून यांच्या हातात दिली.
यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं,
एक आजचं, एक उद्याचं.

उद्या उतार.
उताराला टर्बो लागत नाही, ब्रेक लागतात.
ब्रेकचं लुकमान काही बोलला नव्हता.
आम्हीही विचारलं नव्हतं.